रेघ आणि उघाडी

मामाने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाय, यात आपली उघाडी कुटं हाय ती दाखव."

फोनवर एक पीडीएफ होती, व्हॉट्सॲपवर फिरत फिरत गावात आलेली, अर्धी धूसर. सॅटेलाइटचा फोटो आणि त्यावरून वरून खाली ओढलेली एक जाड रेघ. विरार-अलिबाग कॉरिडॉर या होऊ घातलेल्या मोठ्या रस्त्याची. दिवाळी नुकतीच झाली होती, अंगणात भाताचे भारे रचलेले, मामी चुलीजवळ काहीतरी करत होती आणि आम्ही दोघं ओट्यावर बसून त्या चार इंचाच्या स्क्रीनवर पेण तालुका शोधत होतो. मी नगररचनेच्या कामात आहे, एका खाजगी फर्ममध्ये, बारा वर्षं झाली. असे नकाशे बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मामाला वाटलं की भाचीला दोन मिनिटात सापडेल. मी झूम केलं, खाडी सापडली, गावठाण सापडलं, मारुतीच्या देवळामागचं तळं सापडलं, पण उघाडी, म्हणजे खाडीकडच्या बांधातलं पाण्याचं दार, नव्हती. नकाशात नव्हतीच ती. गावासमोरच्या अख्ख्या शेताला, जिथे माझी आई लहानपणी लावणीला चिखलात उभी राहायची, तिथे एकच फिकट हिरवा रंग होता आणि खाली सूचीत त्या रंगापुढे लिहिलेलं होतं "शेती / मोकळी जमीन".

हे दोन शब्द मी स्वतः किती नकाशांवर टाइप केलेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते मामाच्या शेजारी बसून वाचले.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वसई-विरारकडच्या नवघरपासून अलिबागपर्यंत सुमारे 126 किलोमीटरचा हा रस्ता, मधोमध मेट्रोसाठी राखून ठेवलेला पट्टा आणि दोन्ही अंगाला गाड्यांच्या मार्गिका, म्हणून नाव मल्टीमोडल कॉरिडॉर. पहिला टप्पा नवघर ते आमच्या पेण तालुक्यातलं बलवली, शंभर किलोमीटरच्या जरा आत. भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल, उरण, पेण असा तो मुंबईच्या पाठीमागून फिरत येतो. कल्पना एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, नंतर काम राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे, एमएसआरडीसीकडे गेलं. आणि कल्पना चांगली आहे हो, मी अगदी मनापासून म्हणते. मुंबई महानगर प्रदेशात गेली दीडशे वर्षं सगळं उत्तर-दक्षिण पळतंय ते दक्षिण मुंबईकडे तोंड करून. कल्याणच्या माणसाला पनवेलला नोकरी मिळाली तर रोजचं जाणं-येणं हे दिव्य असतं, विरारच्या माणसाला उरणला जायचं तर मुंबईला प्रदक्षिणाच घालावी लागते. ही बाहेरची गावं एकमेकांना जोडली, त्यांच्यामध्ये कामधंद्याची केंद्रं उभी राहिली तर प्रत्येकाला लोकल पकडून फोर्टात जायची गरज राहणार नाही, हा विचार या प्रदेशाच्या पहिल्या प्रादेशिक योजनेपासून आहे. ती योजना 1973 मध्ये मंजूर झाली होती. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून आपण हेच म्हणतोय की मुंबईचा भार बाहेर पसरवू या.

आता रेघ कशी ओढली जाते ते सांगते, कारण गावातल्या लोकांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम त्यांच्या शेतावरून ओढली. तसं नसतं. ऑफिसात आम्ही एकावर एक थर लावतो. गावठाणं टाळायची, कारण घरं पाडली की लोक उठतात आणि खर्च वाढतो. जंगल टाळायचं, कारण परवानगीला वर्षं जातात. कांदळवन शक्य तेवढं टाळायचं. डोंगर टाळला तर बोगद्याचा खर्च वाचतो. गाडी ज्या वेगाने जाणार त्या हिशोबाने वळण किती मोठं हवं ते ठरलेलं असतं, त्यापेक्षा आखूड वळण घेता येत नाही. हे सगळं टाळत टाळत जे उरतं तिथून रेघ जाते. आणि आमच्याकडे हे सगळं टाळल्यावर काय उरतं? भातशेती. सपाट, कमी भावाची, घरं नसलेली. प्रत्येक पायरी बरोबर असते आणि शेवटी रेघ बरोबर भाताच्या खाचरातून जाते. शंभरेक मीटर रुंदीचा पट्टा म्हणजे एका किलोमीटरला दहा हेक्टर, पंचवीस एकर. आमच्याकडे पंचवीस एकर म्हणजे पंधरा-वीस घरांची जमीन होते.

आणि ही जमीन "मोकळी" नाहीये, हेच तर मला सांगायचंय.

पेण, अलिबाग, उरणच्या खाडीकाठची बरीचशी शेती खारभूमी आहे. म्हणजे जिथे उधाणाचं पाणी यायचं तिथे बापजाद्यांनी मातीचे बांध घातले, खाडी बाहेर ठेवली, पावसाने वर्षानुवर्षं मीठ धुवून काढलं आणि मग तिथे भात पिकला. ही जमीन लोकांनी हातांनी, डोक्यावर चिखलाचे गोळे वाहून तयार केलीय. खाडीकडचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्या बांधात ठरावीक ठिकाणी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. दगडी बांधकाम, त्यात लाकडाची झडप. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून झडपेवर दाबतं आणि ती आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपेला ढकलून बाहेर निघून जातं. दिवसातून दोनदा मिटते, दोनदा उघडते. ना मोटर ना वीज ना वॉचमन. मी परदेशातल्या पूरनियंत्रणाच्या प्रेझेंटेशनमध्ये लाखो डॉलरच्या अशाच झडपा बघितल्यात आणि सगळ्या सभागृहाने त्यावर टाळ्या वाजवलेल्याही बघितल्यात, तेव्हा मला मामाची उघाडी आठवून गळ्याशी काहीतरी आलं होतं.

बांध फुटला तर आमच्याकडे म्हणतात "खांड गेली". खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन पावसाळे तिथे नीट भात होत नाही, मीठ पुन्हा धुवून निघेपर्यंत थांबावं लागतं. म्हणून पूर्वी खांड गेल्याची हाक आली की रात्र असो, लग्न असो, प्रत्येक घरातला एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. ज्याचं शेत खांडीपासून लांब आहे तोही जायचा, कारण पाणी आज त्याच्यापर्यंत पोचलं नाही तर उद्या पोचतं. 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा आला, मग 1979 मध्ये नवा आला, बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, आणि हळूहळू फावडं घेऊन जाणारी पिढी म्हातारी झाली. आता खांड गेली तर लोक अर्ज करतात. मामा अर्जही करतो आणि फावडंही घेऊन जातो.

आता या कॉरिडॉरकडे पाण्याच्या बाजूने बघा. सह्याद्रीतून निघणारं आमच्याकडचं सगळं पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे येतं. उल्हास वसईच्या खाडीला जाते, पनवेलजवळ गाढी आणि कासाडी, मग पाताळगंगा, बाळगंगा, भोगावती, आणि खाली अंबा धरमतरच्या खाडीला. आणि रस्ता जातो उत्तर-दक्षिण. म्हणजे तो यातल्या एकेका पाण्याला आडवा जातो, शंभर-सव्वाशे किलोमीटर. सपाट खारभूमीवर रस्ता जमिनीलगत ठेवता येत नाही, पाण्याखाली जाईल, म्हणून भराव करावा लागतो. चार मीटर, पाच मीटर, पुलाजवळ आणखी उंच.

मामाने मला एकच विचारलं होतं, "यो रस्ता हाय का बंधारा हाय?"

इंजिनियर लोक म्हणतील की नदीवर पूल असणारच आहे, नाल्यावर मोरी असणारच आहे, आणि ते खरं आहे, पुलाचा हिशोब मोठ्या पुराचा धरूनच करतात. पण खारभूमीत पाणी फक्त नदी-नाल्यातून जात नाही. जुलैत चार दिवस लागून पाऊस पडला की पाणी अख्ख्या शेतावरून पसरून सरकत असतं, त्याला नाव नसतं, नकाशावर त्याची निळी रेघ नसते. त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर उघाडी पाच-सहा तास मिटलेली राहते. त्या पाच-सहा तासात वरून पडणारं सगळं पाणी जाणार कुठे? ते शेतात उभं राहतं. भात ते सहन करतो, आमच्याकडच्या जुन्या राता जातींपासून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-1, 2, 3 पर्यंत सगळी वाणं खाऱ्या मातीला टिकणारीच निवडलेली आहेत. ओहोटी लागली की उघाडी उघडते आणि शेत रिकामं होतं. म्हणजे ते "मोकळं" शेत पाच-सहा तास तलावाचं काम करतं आणि म्हणून गावठाणात पाणी शिरत नाही. या कामाची नोंद सातबाऱ्यावर नसते, आणि मोबदल्याच्या हिशोबात तर कुठून येणार.

रस्त्याचा भराव हा अर्धाच भाग. खरा भराव रस्ता झाल्यानंतर येतो. रस्त्याला लागून ज्याची जमीन उरलीय तो ती गोडाऊनवाल्याला देतो, ढाबेवाल्याला देतो, प्लॉटिंगवाल्याला देतो, आणि प्रत्येक जण आपापला तुकडा रस्त्याच्या उंचीला आणतो. त्यासाठी मुरूम हवा, मुरूम डोंगरातून येतो. म्हणजे डोंगर उतरतो आणि शेत चढतं, दोन्हीकडून पाण्याची जागा जाते. ज्याने भराव टाकला नाही त्याचं शेत खड्ड्यात राहतं, तिथे बारा महिने पाणी साचतं, मग तोही कंटाळून विकतो. हे मी थिअरी सांगत नाहीये. पनवेलपासून पेणपर्यंत हायवेने या आणि दोन्ही बाजूला बघत या.

शिकताना आम्हाला पॅट्रिक गेडिस नावाच्या माणसाबद्दल शिकवलं होतं. स्कॉटिश माणूस, 1914 च्या सुमाराला भारतात आला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं एक चित्र प्रसिद्ध आहे, डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारं खोरं आणि त्यात प्रत्येक उंचीवर आपापलं काम करणारी माणसं, वर लाकूडतोड्या, मग मेंढपाळ, खाली शेतकरी, शेवटी कोळी. प्रदेशाचं नियोजन करायचं तर हा उतार आधी समजून घ्या असं त्याचं म्हणणं. परीक्षेत मी ते चित्र काढून चांगले मार्क मिळवले. पण पेणच्या महलमिऱ्या डोंगरावरून खाली बघितलं तर तेच चित्र समोर दिसतं: वर ठाकर-कातकरी वाड्या, मधे वरकस म्हणजे उतारावरची हलकी जमीन आणि भात, खाली खारभूमी, मिठागरं, कांदळवन, खाडीत कोळ्यांच्या होड्या. आणि आपण कॉरिडॉर आखताना हा उतार आडवा कापतो आणि त्याचा वेगळा विचार करत नाही, पर्यावरणाच्या अहवालात एक प्रकरण टाकतो आणि पुढे जातो. मीही टाकलेलं आहे असं प्रकरण, एका दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये, तीन आठवड्यात.

1989 च्या जुलैत अंबा नदीला पूर आला होता, नागोठणे, जांभूळपाडा. आई अजून त्या पुराबद्दल बोलताना आवाज खाली आणते. 26 जुलै 2005 तर सगळ्यांना माहितीये, पण आपल्या आठवणीत तो मुंबईचा पूर आहे, कल्याण, बदलापूर, पनवेलकडे काय झालं ते फारसं कुणी बोलत नाही. याच नद्यांवरून हा रस्ता जाणार आहे.

कुणाला वाटेल मी रस्त्याच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझ्या मामेबहिणीला बाळंतपणासाठी पनवेलला नेत होते तेव्हा वडखळच्या अलीकडे गाडी दीड तास अडकली होती, त्या दीड तासात मामीने काय काय देव पाण्यात ठेवले ते तिलाच माहिती. मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूरचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि आमच्याकडच्या पोरांचं कॉलेज, नोकरी, लग्न सगळं त्या खड्ड्यातून गेलं. हमरापूर, जोहे इथले गणपतीचे कारखानदार वर्षभर राबून मूर्ती करतात आणि टेम्पोत भरल्यावर मुंबईला पोचेपर्यंत श्वास रोखून धरतात, एका खड्ड्यात सोंड गेली की संपलं. या माणसांना चांगला रस्ता हवाय, मेट्रो आली तर सोन्याहून पिवळं. मामेभाऊ तळोज्याला कामाला जातो, सकाळी साडेपाचला निघतो. त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की रस्ता नको?

मला भीती भिवंडी होण्याची वाटते. भिवंडीत काय झालं? मुंबईत जकात होती, मग व्यापाऱ्यांनी माल मुंबईच्या वेशीबाहेर ठेवायला सुरुवात केली, हायवे होता, जमीन स्वस्त होती, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत भाताच्या शेतावर पत्र्याची गोडाऊनं उभी राहत गेली. नियोजन प्राधिकरण तिथे 2007 मध्ये नेमलं, तोवर रस्ते कुठून काढायचे हाच प्रश्न होऊन बसला होता. जकात 2017 ला गेली, जीएसटी आला, आणि गोडाऊनं आणखी वाढली. आज देशातल्या सगळ्यात मोठ्या गोदामांच्या पट्ट्यांपैकी तो एक आहे, लाखो माणसं तिथे काम करतात, आणि पावसाळ्यात कंटेनर गुडघाभर पाण्यात उभे असतात. गावातल्या मालकांना भाडं मिळालं, काहींना पुष्कळ मिळालं. पण गावाला शाळेचं मैदान मिळालं नाही, गटार मिळालं नाही, आणि पाण्याला वाट मिळाली नाही, कारण रस्ता आधी आला आणि रस्त्याच्या बाजूचा विचार नंतर, तोही तुकड्यातुकड्याने.

आता आमच्या बाजूलाही सगळं एकदम येतंय. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली, विमानतळ झाला, आणि 2024 मध्येच उरण, पनवेल, पेण तालुक्यातल्या 124 गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर म्हणून एमएमआरडीएला नेमलं, 323 चौरस किलोमीटर. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. बांधावरून चाललं तरी एक-दोन दलाल भेटतात हल्ली, पांढऱ्या गाडीतून येतात, मामाला "काका" म्हणतात, पाणी मागतात.

पण हा मुलूख काही पहिल्यांदा जमिनीचा प्रश्न बघत नाहीये. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावचा संप आजोबांच्या तोंडून मी ऐकलाय. 1933 मध्ये सुरू झाला, सहा वर्षं खोतांच्या जमिनी शेतकऱ्यांनी कसल्या नाहीत, नारायण नागू पाटलांनी तो चालवला, लोक लाकूडफाटा विकून, कंदमुळं खाऊन जगले पण नांगर धरला नाही. कॉरिडॉरचा दुसरा टप्पा त्याच तालुक्यात उतरणार आहे. मग 1984 चं उरणजवळचं जासई, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या संपादनाविरुद्धचं आंदोलन, दि. बा. पाटील पुढे होते, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. आणि 2008 तर माझ्या डोळ्यादेखत. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या 22 गावांत 21 सप्टेंबरला जनमत घेतलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, मुद्दाम आले होते. मामा नवीन शर्ट घालून मतदानाला गेला. गौरी-गणपतीला असतात तशी माणसं मुंबईहून आली होती, म्हाताऱ्या बायका रांगेत उभ्या होत्या. जमीन घेण्याआधी कुणीतरी त्यांना विचारतंय, आयुष्यात पहिल्यांदा. सेझ आला नाही शेवटी. पण हेटवण्याचं कालव्याचं पाणीही सगळ्या शेतांपर्यंत आलं नाही, धरणातलं पाणी मात्र नवी मुंबईत नळाला जातं. मामा याबद्दल चिडून नाही बोलत, तो म्हणतो, "पानी खाली जातं बाय, आनि पैसा आसंल तिकरं वर बी जातं."

मग करायचं काय? मला विचाराल तर रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगाचा एक-एक किलोमीटर हे एकच काम समजून आखलं पाहिजे. हे अशक्य नाहीये. अहमदाबादने सरदार पटेल रिंग रोड, 76 किलोमीटरचा, असाच केला. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात नगररचना योजना टाकल्या, ज्याला आपण टीपी स्कीम म्हणतो. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ता, शाळा, बाग, तलाव यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आकाराचे प्लॉट करून प्रत्येकाला परत द्यायची. ज्याच्या शेतातून रस्ता गेला तो भूमिहीन आणि ज्याच्या बांधाला लागून गेला तो कोट्यधीश, असं होत नाही. सगळेच थोडं देतात, सगळ्यांनाच थोडं मिळतं. आणि गंमत म्हणजे ही पद्धत मुळात मुंबई इलाख्याची, 1915 च्या कायद्याने आलेली, आपण ती जवळजवळ सोडून दिली आणि गुजरातने चालू ठेवली. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात सिडकोने परत सुरू केली, मालकाला चाळीस टक्के जमीन परत देऊन, पण तिथे वर्षानुवर्षं प्रत्यक्ष रस्ते-गटारं दिसली नाहीत म्हणून लोकांचा विश्वास उडाला, साठ टक्के आधी घेताय आणि काम कधी करणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

खारभूमीत टीपी स्कीम करायची तर मी त्यात एक थर सगळ्यात आधी टाकीन, पाण्याचा. उघाड्या, बाहेरकाठा, आतले बांध, पाणी उभं राहायची शेतं, जिताडा मासा पाळायची तळी. हे आधी रंगवायचं, त्यावर भराव बंद, आणि ज्याची जमीन या थरात येईल त्याला रस्त्यालगतच्या प्लॉटात वाटा. म्हणजे त्याने भात लावत राहावं, पाणी धरत राहावं, आणि त्याचंही घर चालावं. रस्ता जिथे या थरावरून जातो तिथे भराव नको, खांबांवरून जाऊ दे. खर्च वाढेल, हो. तो खर्च आत्ता रस्त्याच्या बजेटमध्ये धरला नाही तर पुढची पन्नास वर्षं गावं भरणार, घरातला गाळ काढून.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहू की नको असं झालं होतं. संपादनाची चर्चा सुरू झाल्यावर आजूबाजूच्या गावांमध्ये बहिणींच्या सह्या घेण्याची घाई सुरू झाली. हक्कसोड, म्हणजे माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद. राखीला साडी आणि सोबत स्टॅम्पपेपर. माझ्या आईच्या ओळखीच्या दोघी-तिघींनी कायमचं माहेर सोडलं यावरून, आणि दोघींनी सही करून माहेर राखलं, त्यांच्या डोळ्यात बघवत नाही. आईने स्वतःहून मामाला फोन केला होता की मी सही करते, मला काही नको. मामा त्यावर गप्प राहिला. मग दिवाळीत मी गेले तेव्हा त्याने सातबारा आणून दाखवला, बोट ठेवून. "तुज्या आयशीचं नाव हाय. ती बी लावनीला व्हती. काढायचं नाय." तेवढंच. मामी आतून म्हणाली, चहा घेताय ना.

आणि ज्यांचं नाव कुठेच नाही ते? डोंगराच्या पायथ्याला कातकऱ्यांची वाडी आहे, बारा-पंधरा घरं, दुसऱ्याच्या मालकी जमिनीवर, पिढ्या झाल्या. भातकापणीला येतात, नंतर वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यात परततात. मोजणी बहुतेक उन्हाळ्यात होते. तेव्हा वाडीत कुलपंही नसतात, दाराला काटक्या लावलेल्या असतात. मोजणीवाल्याच्या वहीत मालकाचं नाव लागतं आणि ही घरं पडीक म्हणून लिहिली जातात. माझ्या फर्ममधलं कुणी असं मुद्दाम करत नाही, पण फॉर्ममध्ये त्या घरांसाठी रकानाच नसतो.

तर त्या दिवशी मी मामाला म्हटलं, पीडीएफमध्ये उघाडी नाहीये, पण आपण टाकू शकतो. हरकती-सूचना मागवतात तेव्हा नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलेला अर्ज बासनात जातो, त्याच्यासोबत नकाशा असेल तर कुणाला तरी तो उघडावा लागतो. मी फोनवर लोकेशन टिपायचं ॲप चालू केलं आणि आम्ही बांधावर गेलो. चार वाजलेले, ओहोटी. बाहेरकाठ्यावरून एकामागे एक चालावं लागतं, एका बाजूला कापलेली शेतं, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि चिखल, त्यात निवट्या उड्या मारतायत. मामा पुढे, हातात कोयता, वाटेतला पाला छाटत. पहिल्या उघाडीशी तो खाली उतरला आणि झडपेवर हात ठेवून उभा राहिला. लाकूड काळं पडलेलं, कडेला शिंपले चिकटलेले, बिजागरीला नवीन बोल्ट होता, तो त्यानेच बसवलेला. आतून पाण्याची जाड धार निघत होती. मी पिन टाकली. नाव काय लिहू विचारलं. त्याला आश्चर्य वाटलं, म्हणाला नाव आहे की, थोरली. पुढची वडाची. तिसरीचं नाव एका बाईवरून आहे, तिने खांड गेली तेव्हा रात्रभर तिथे मातीच्या पाट्या टाकल्या होत्या, कुठल्या सालची गोष्ट ते त्यालाही माहिती नाही.

साडेपाचपर्यंत आमच्या पाच उघाड्या झाल्या, अकरा नाले, आणि मामा बोट दाखवेल तिथली पाणी उभं राहायची शेतं, ज्यांना प्रत्येकाला नाव होतं आणि मी ती सगळी देवनागरीत टाइप केली. परत येताना भरती लागली होती. थोरल्या उघाडीपाशी धार बारीक झाली, थांबली, मग झडप हळूच सरकली आणि दगडाला टेकली.

घरी येऊन मी लॅपटॉपवर पिना रेघेवर चढवून बघितल्या. पाचातल्या दोन उघाड्यांचं पाणी रेघेच्या पलीकडून येतं. मामा चष्मा लावून वाकून बघत होता. मग म्हणाला की अजून एक राहिली, खाडीच्या पलीकडच्या गावाची, पण तिचं पाणी आपल्या पाण्याशी जोडलेलं आहे, ती पण घ्यायला हवी. बांधावरून तिकडे जाता येत नाही. सकाळी ओहोटी कितीला आहे ते त्याने बोटांवर तिथी मोजून काढलं, आणि शेजारच्या कोळ्याला फोन लावून होडी सांगितली.